अळूची दोन पानं

बदलापूर (पूर्व)
सोमवार, ५ जुलै २००४

ती. अनंता मामा यांना मिलिंदचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? पोपट अजून शेजाऱ्यांच्या नावाने ओरडतो की सुधारला? आम्ही इकडे मजेत आहोत. पाणी दिवसाआड येतं, आईचं ब्लड प्रेशर रोज येतं, बाकी तक्रार नाही. पत्र पाहून तुम्ही चक्रावाल. शेजारी फोन आहे, माझ्या कमरेला आता मोबाईलही लटकतो, मग पत्राचं काय काम? राग मानू नका मामा, पण मागच्या रविवारी मी तुम्हाला फोन लावला तेव्हा "मामा, मी मिलिंद" इथवर पोचलो आणि पुढची बावीस मिनिटं तुम्ही बोललात. (गुडघा, क्वार्टरचं गळकं छत, पुन्हा गुडघा.) नंतर तुम्ही "बरं झालं बोललास" म्हणून फोन ठेवलात. म्हणून लिहितो आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तर बातमी अशी की तुम्ही आणलेलं स्थळ जमलं. येत्या रविवारी, ११ तारखेला, सकाळी अकरा वाजता साखरपुडा. तुम्ही आलंच पाहिजे. तुमच्याशिवाय आईचं पान हलत नाही आणि माझं तर लग्नच तुमच्यामुळे ठरलं आहे. तुमच्या मनमाडच्या गल्लीतल्या कौसाबाईंकडे तुम्ही शब्द टाकलात (त्यांच्या माहेरी शब्द किती जपून टाकतात हे मला आता कळलं आहे) आणि त्यांच्या भावाची मुलगी, उल्हासनगरच्या शाळेत पाचवीला मराठी शिकवणारी शीला, हिचा फोटो आमच्या घरी आला. फोटोच्या मागे तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं, "तोंड आवर. पाच वाक्यांच्या वर बोलायचं नाही." ही सूचना मी तंतोतंत पाळली. कशी पाळली ते सविस्तर सांगतो, कारण नंतर कुणाकडून भलतंच कानावर यायला नको.

तुम्हाला माझी आधीची चार स्थळं माहीत आहेतच. विठ्ठलवाडीला मी मुलीच्या वडिलांना व्हॉल्व्हच्या गास्केटबद्दल माहिती देत होतो, ते मधे उठून अंघोळ करून आले आणि मी तिथेच होतो. कल्याणला मुलीने विचारलं, "तुमचे छंद काय?" आणि तिसऱ्या छंदाला तिच्या आजीला भोवळ आली. उरलेल्या दोन ठिकाणांची आठवण काढली की आई डोक्याला बाम लावते. अंबरनाथ एमआयडीसीत आमचं डिस्पॅच खातं आहे, तिथे ट्रक लागेपर्यंत बोलण्याखेरीज काम नसतं, ती सवय. पण एकतिसावं लागलं मामा, आणि आई हल्ली विहारात बसावं तशी शांत, निराश बसते. त्यामुळे या वेळी बोलून घालवायचं नाही, असा मी निश्चय केला होता.

मुलीचे वडील दौलतराव. चौतीस वर्षं एका कारखान्यात घण मारणाऱ्या यंत्राशेजारी उभे होते. त्या आवाजाने त्यांना आवाजाचाच कंटाळा आला आणि निवृत्त झाल्यापासून ते बोलत नाहीत. मुके नाहीत, बोलत नाहीत. घरात भुवया, बोटं आणि मान यांवर भागतं. भुवई वर म्हणजे चहा, दोन बोटं म्हणजे दार लाव. त्यांना पोह्यांचा कार्यक्रम मान्य नाही. कौसाबाईंमार्फत निरोप आला, की पोहे खाताना सगळेच सज्जन दिसतात, मुलाला घेऊन डोंगरात जायचं. चामटोलीच्या मागे डोंगरात एक धबधबा आहे, गावातले लोक त्याला नुसतं 'पाणी' म्हणतात. वाटेवर रानमेवा असतो. दौलतराव एकेक फळ मुलाच्या हातावर ठेवणार, मुलाने खायचं आणि कसं लागलं ते एका शब्दात सांगायचं. फळ खाताना माणूस खोटं बोलू शकत नाही, असं त्यांचं मत. (हे मत त्यांनी भुवयांनी कसं मांडलं असेल, याचा मी अजून विचार करतो.)

रविवारी, २० जूनला, सकाळी स्टेशनबाहेरून सहा आसनी रिक्षा पकडली. मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मागे रेनकोट घातलेल्या दोन बाया होत्या आणि कोंबड्यांची एक पाटी. दिवसभर पाचच वाक्यं मिळणार म्हणून मी रस्त्यातच पोटातलं सगळं मोकळं करून घेतलं. ड्रायव्हरला चारही स्थळं सांगितली, आईचा बाम सांगितला, पोपट सांगितला, तुमचा गुडघा सांगितला, आणि फोटोतल्या मुलीच्या हनुवटीवर एक बारीक व्रण आहे तो मला का आवडला हेही सांगितलं. चामटोली आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, आता उतर. मी इंजिन बंद करून बघितलं, तरी आवाज थांबेना." मी उडी मारून उतरलो आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गुळण्या करून तोंड बंद केलं. मागच्या बायांकडे कोण बघतो.

दहा मिनिटांनी वडाखाली सगळे भेटले. दौलतराव स्कूटरवरून आले होते, शीला आणि कौसाबाई कशा आल्या ते विचारायला माझ्याकडे वाक्य नव्हतं. पहिलं वाक्य मी तिथे खर्च केलं, "जयभीम, मी मिलिंद." दौलतरावांनी मान हलवली. कौसाबाईंनी विचारलं, चढायची सवय आहे ना? मी म्हणालो, "हो." हे दुसरं गेलं आणि लगेच पश्चात्ताप झाला, कारण मान हलवून भागलं असतं. शीला हसल्यासारखी वाटली. मामा, फोटोत ती हसलेली नव्हती. प्रत्यक्षात हसली की तो हनुवटीवरचा व्रण थोडा वर सरकतो. मला ती मुलगी तिथल्या तिथे, वडाखाली, इतकी आवडली की मला घाम फुटला.

वाटेला लागलो. पहिलं आलं करवंद. हंगाम सरत आलेला, तरी एका जाळीत शेवटची काही होती. दौलतरावांनी मुद्दाम अर्धं कच्चं निवडलं आणि माझ्या हातावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझे दात असे आंबले की कानात शिट्टी वाजली. पण चेहरा मी हलू दिला नाही. "छान," म्हणालो. तिसरं वाक्य. मग भोकर. ते पिकलेलं, गुलाबी, आणि आत डिंकच डिंक. माझे दोन्ही ओठ एकमेकांना जे चिकटले ते वरच्या ओढ्यापर्यंत सुटले नाहीत, त्यामुळे भोकराबद्दल मी काही बोललो नाही आणि दौलतरावांच्या कपाळावरची एक आठी गेली. (तिथेच मला शहाणपण यायला हवं होतं.)

पण पुढे जांभूळ आलं. मामा, जांभूळ माझ्या अभ्यासाचा विषय आहे. आमच्या सुपरवायझरला साखर निघाल्यापासून मी जांभळावर पुष्कळ वाचलं आहे. वाक्यं दोनच उरली होती. मग मला युक्ती सुचली. पूर्णविराम दिला नाही तर वाक्य संपत नाही. मी सुरू केलं, की जांभूळ तुरट लागतं आणि त्याची बी वाळवून पूड करतात आणि सुपरवायझर ती घेतो कारण त्याला डॉक्टरने सांगितलं जो डॉक्टर मुळात आमच्याच बिल्डिंगमधला आणि ती बिल्डिंग जिने बांधली ती विधवा बाई म्हणजे... असं ते वाक्य मी एक टेकडी, दोन ओहोळ आणि एक पडकं कुंपण ओलांडून नेलं. श्वास घ्यायचा तेव्हा "आणि" म्हणायचो. माझ्या हिशोबाने ते चौथंच वाक्य होतं. दौलतरावांचा हिशोब वेगळा असावा. आधी त्यांनी भुवया उतरवल्या, मग कानाला हात लावला, आणि शेवटी ते चालण्याचा वेग वाढवून एकटेच पुढे निघून गेले. मागून कौसाबाई एवढंच म्हणाल्या, दादाला बोललेलं सोसत नाही. पाचवं स्थळसुद्धा माझ्या तोंडाने खाल्लं, असं वाटलं. आणि ही मुलगी घालवायची माझी अजिबात तयारी नव्हती.

तेवढ्यात वरून मोतीबाई आल्या. या तिथल्या वाडीतल्या म्हाताऱ्या, रानमेवा गोळा करून बाजारात विकतात, दौलतरावांच्या जुन्या ओळखीच्या. जाता जाता त्या मला सांगून गेल्या, "वर पाण्याकडं अळू हाय. खा, लय गोड." वळणावर दौलतराव उभे होते. त्यांनी ते ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक बोट वर केलं. म्हणजे एक संधी. मग ते धबधब्याकडे गेले. मी ठरवलं, की धावत जाऊन अळू आधीच खाऊन ठेवायचं आणि त्यांनी विचारल्याबरोबर राखून ठेवलेलं पाचवं वाक्य सांगायचं, "गोड आहे." इतकंच. "आणि" म्हणायचं नाही.

धबधब्याच्या अलीकडे, ओढ्याच्या कडेला अळू होतं, मुबलक. हिरवंगार, हातभर पानं. आता मामा, तुम्हीच सांगा, आपल्या घरात अळू म्हटलं की काय? वडी, नाहीतर फदफदं. आईने आयुष्यभर अळू आणायला पाठवलं, मी आयुष्यभर पानंच आणली. ती कच्ची खातात हे मला नवीन होतं, पण म्हटलं रानातली माणसं खात असतील, आपण शहरातल्या लोकांनी शिकायला हवं. मी एक पान देठासकट विड्यासारखं दुमडलं आणि तोंडात घातलं. गोड लागेना. म्हटलं, कोवळं नसेल. दुसरं घातलं.

पुढे जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून जीभ खाजते. तोंडात कुणीतरी शिवणाच्या सुया उकळून ओतल्या. जीभ फुगून दातांना टेकली. घसा बंद. "आई गं" म्हणायला गेलो तर फक्त "अं" आलं. मी ओढ्यात तोंड बुडवून गुडघ्यांवर बसलो होतो तेव्हा मोतीबाई परत आल्या. त्यांच्या ओच्यात चिकूच्या पिल्लांसारखी तपकिरी गोल फळं होती. त्यांनी खाली पडलेला पानाचा तुकडा पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि ओच्यातलं एक फळ माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "अळू म्हंजे हा. झाडाचा फळ. तो पाला कच्चा कोन खातं? बकरीपन खात नाय."

तीस वर्षं मराठी बोलतो आहे मामा, आणि इतकं बोलतो आहे, पण अळू नावाचं फळ असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोतीबाई तशाच मागे गेल्या आणि थोड्या वेळाने कच्च्या करवंदांची मूठ घेऊन आल्या. चाव, रस तोंडात धर, गिळू नको, असं त्यांनी बजावलं. आंबटाने खाज हळूहळू उतरली. आवाज मात्र आला नाही.

धबधब्यापाशी दौलतराव दगडावर बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी माझ्या हातावर खरं अळू ठेवलं. मी खाल्लं. चव लागण्याइतकी जीभ शिल्लक नव्हती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी भुवई वर केली, कसं आहे? मी पाण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. (घशापासून छातीपर्यंत जळत होतं, तिथे हात गेला.) दौलतरावांचा चेहरा एकदम मऊ झाला. मग आम्ही दोघं दीड तास त्या पाण्याकडे बघत बसलो. मी एक अक्षर काढलं नाही. शेवटी दौलतराव उठले आणि बोलले. होय, बोलले. "मुलगा समजूतदार आहे. जांभळापाशी घाबरला होता." कौसाबाई सांगतात की इतकं मोठं भाषण त्यांनी निवृत्तीच्या निरोप समारंभालाही केलं नव्हतं.

आवाज तिसऱ्या दिवशी परत आला. पण तोवर होकार आला होता, मग आवाज वापरायचा कसा? गेले पंधरा दिवस दौलतराव मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे येतात. आम्ही गॅलरीत बसून समोरच्या बांधकामाची लिफ्ट वर-खाली जाताना बघतो. ती लिफ्ट एकदा अडकली तेव्हा मला कारण माहीत होतं, तरी मी गप्प बसलो. ते गेले की मी बाथरूममध्ये जाऊन बादलीशी बोलतो. आईने विचारलं, हे खोटं नाही का? मी म्हटलं, पंचशीलातलं 'मुसावादा वेरमणी' म्हणजे खोटं बोलायचं नाही. मी तर बोलतच नाही. आईने बाम मागितला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे, ती तुम्हाला सांगून मोकळा होतो. शीलाशी मी अजून एक शब्द बोललेलो नाही. ती दोनदा घरी आली. एकदा तिने वर्गातल्या सिंधी मुलांच्या निबंधांबद्दल सांगितलं, आणि मला त्यावर निदान चाळीस गोष्टी सुचल्या. मी मान हलवली. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि चहाचे कप उचलले. त्या दिवसाचं ते पाचवं वाक्य मी अजून खर्च केलेलं नाही, मामा. ते तिच्यासाठी ठेवलं आहे. पण तिने होकार दिला तो गप्प बसणाऱ्या मिलिंदला. तो माणूस मी दोन पानं खाऊन झालो होतो. लग्नानंतर रोज कुठून आणू पानं?

असो. रविवारी नक्की या. मामींना, पोपटाला जयभीम.

तुमचा भाचा,
मिलिंद

ता. क. वर तुम्हाला दोनदा या म्हटलं आहे, ते आई शेजारी बसून वाचत होती म्हणून. आता ती पाणी भरायला गेली आहे. मामा, तुम्ही येऊ नका. गुडघा दुखतो म्हणा. तुम्ही आलात, दौलतरावांशेजारी बसलात आणि "त्याचं काय आहे" म्हणून सुरू झालात, की हा आजार घराण्यातलाच आहे हे त्यांना पाच मिनिटांत कळेल.

ता. क. २. यायचंच असेल (तुम्ही येणार, मी ओळखतो तुम्हाला) तर सोबत पुडी पाठवतो आहे. कौसाबाई सध्या भावाकडेच आहेत, बुधवारी मनमाडला परतताना पत्र आणि पुडी त्याच आणतील. पुडीत अळूची दोन पानं आहेत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. हॉलमध्ये शिरण्याआधी अर्धा तास एक खा. मला दोन लागली होती, पण तुमचं वय पाहता एक पुरे. दुसरं जेवणापूर्वी. कौसाबाईंना काही सांगू नका.

ता. क. ३. (हे अक्षर वेगळं आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल.) ती. मामांना शीलाचा जयभीम. पाकीट आमच्याकडे आलं तेव्हा दमट हवेने डिंक सुटलेला होता. एवढं लांब पत्र दिसलं आणि मला राहवलं नाही. माफ करा. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका दुरुस्त केल्या आहेत.

सहा आसनीत मागे रेनकोटात मी आणि आत्या होतो. स्टेशनपासून चामटोलीपर्यंत मी सगळं ऐकलं, व्रणाचंसुद्धा. होकार मी तिथेच ठरवला होता. मग पुढे पाण्याकडे त्यांनी पहिलं पान दुमडलं तेव्हा मी मागच्या वळणावर होते. मला दिसत होतं. ओरडायचं होतं, "खाऊ नका." पण आमच्या घरात कुणाला ओरडायची सवय नाही, माझं तोंड उघडेपर्यंत दुसरं पान गेलं. करवंदं मी तोडली आणि मोतीबाईंच्या हाती दिली. ज्या घरात एवढे दोन शब्द वेळेवर बाहेर पडत नाहीत, त्या घरात मी सव्वीस वर्षं राहिले आहे. आता मला बोलणारं घर हवं आहे.

पुडीतली पानं मी फेकून दिली. आत आता अळूच आहे, पण मोतीबाईंचं. गोड आहे. खात खात या, आणि बाबांशेजारीच बसा. आत्या सांगते की तुमचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येतो. बाबांना सगळं मी रविवारी सकाळी सांगणार आहे, मोठ्याने. ते नाही म्हणणार नाहीत. नाही म्हणायला त्यांना बोलावं लागेल.

आणि भाच्याला तुमच्याकडून कळवा, की ते पाचवं वाक्य कितीही लांब असलं तरी चालेल.